गेमिंगसाठी प्रोसेसर आणि रॅम: गिगाहर्ट्झ राहू द्या, आधी कॅश बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिल्यांदा पीसीचे भाग घ्यायला गेलेला माणूस साधारण दोनच गोष्टी विचारतो: कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र काम करणारी केंद्रं) किती आणि गिगाहर्ट्झ (त्यांचा वेग, म्हणजेच क्लॉक) किती. दुकानदारही तेच सांगतो, कारण खोक्यावर तेच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पण गेममध्ये प्रोसेसरचा बराचसा वेळ गणित करण्यात जात नाही, डेटा येण्याची वाट बघण्यात जातो. लागणारा डेटा हाताशी ठेवणारी, प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी म्हणजे कॅश. ही वाट कमी कशी करायची, त्यासाठी पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे आणि घेतलेली रॅम खरंच पूर्ण वेगाने चालते आहे ना हे कसं तपासायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. पहिली पायरी मात्र वगळू नका. बहुतेकांचे पैसे तिथेच वाचतात.

पायरी १: अडतंय कुठे, ते आधी शोधा

तुमच्याकडे आधीपासून पीसी असेल तर काहीही विकत घेण्यापूर्वी ही चाचणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर टाकून स्क्रीनवर ग्राफिक्स कार्डाचा वापर दिसेल असं करा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर सुरू करा आणि गर्दीच्या जागी जा: बाल्डर्स गेट ३ मधलं तिसऱ्या अंकातलं शहर, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गोळीबार चालू असलेली जागा, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या शहराचा विमानतळ.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. नवा प्रोसेसर किंवा महाग रॅम घेऊन तिथे हाती फारसं काही लागणार नाही. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम रेट जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर किंवा मेमरी मागे पडते आहे, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ४के मॉनिटरवर रे ट्रेसिंग लावून निवांत खेळणाऱ्याला याचा उपयोग कमी. १०८० वर १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त.

पायरी २: चार आकडे समजून घ्या

५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचं एक क्लॉक चक्र ०.२ नॅनोसेकंदाचं. कोअरच्या अगदी शेजारची एल१ कॅश चार-पाच चक्रांत उत्तर देते, एल२ साधारण १४-१५ चक्रांत, आणि सगळ्या कोअरची सामाईक एल३ कॅश साधारण १० नॅनोसेकंदांत, म्हणजे ५० चक्रांत. डेटा तिथेही नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं. आजच्या डेस्कटॉपवर ती फेरी ६० ते ९० नॅनोसेकंदांची होते. ७० धरले तर ३५० चक्रं गेली. या काळात कोअर पुढची काही कामं उरकून ठेवतो, पण पुढचं काम त्याच डेटावर अवलंबून असेल तर तो नुसता थांबून राहतो.

गेममध्ये नेमकं हेच घडतं. एका पात्राची नोंद वाचली की तिच्यात दुसऱ्या नोंदीचा पत्ता मिळतो, तिथून तिसरीचा. पहिला डेटा हातात पडल्याशिवाय पुढचा पत्ता कळतच नाही, त्यामुळे पुढचं आधीच आणून ठेवणारी यंत्रणाही हतबल होते. व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये डेटा ओळीने येतो, अंदाज बरोबर ठरतात. म्हणूनच व्हिडिओच्या कामात १६ कोअरचा प्रोसेसर ८ कोअरच्या पुढे सहज जातो आणि गेममध्ये तोच कधी कधी मागे राहतो.

आता कॅश वाढवावी की रॅम सुधारावी? सोपे आकडे गृहीत धरून हिशोब करू. एल३ ला १० नॅनोसेकंद, रॅमपर्यंत जाऊन यायला ८०. शंभरातल्या ६० मागण्या एल३ मध्येच भागत असतील तर सरासरी होते ३८ नॅनोसेकंद. महाग रॅम घेऊन ८० चे ७० केले तर सरासरी ३४. त्याऐवजी एल३ मोठी घेऊन ६० च्या जागी ८५ मागण्या तिथेच भागवल्या, तर सरासरी थेट २०.५ वर येते. आणि अशा मोठ्या कॅशच्या प्रोसेसरला तीच महाग रॅम लावली तर २०.५ चे १९ होतात, बस. प्रत्यक्षात गेमप्रमाणे आकडे बदलतात, पण खरेदीचा क्रम यातून स्पष्ट होतो: आधी एल३, मग रॅमची लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ), आणि क्लॉकचा आकडा त्यानंतर.

पायरी ३: प्रोसेसर निवडा

इथे जरा सावकाश जायला हवं, कारण नावं फसवतात. पहिला नियम असा की एल३ किती मेगाबाइट हे कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. खोक्यावरच्या नावावरून अंदाज बांधू नका.

एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० शेजारी ठेवा. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड, क्लॉकमध्ये फरक ०.२ गिगाहर्ट्झचा. पण ५५०० मध्ये एल३ १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० ला पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड जोडणारा मार्ग) ३.० वरच समाधान मानावं लागतं. हीच गोष्ट ८४००एफ आणि ७५००एफ यांची: सॉकेट एकच, कोअर सहाच, पण ८४००एफ लॅपटॉपच्या चिपवरून आलेला, एल३ १६ एमबी. ७५००एफ मध्ये ३२. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स यांच्यात तर फक्त एका अक्षराचा फरक दिसतो आणि एल३ निम्मी होते. ‘सेम आहे साहेब, एक्स नाही एवढंच’ असं काउंटरवर ऐकू आलं तर मोबाइल काढा आणि आकडा बघा. ‘जी’ लागलेले, आतच ग्राफिक्स असलेले प्रोसेसर वेगळं कार्ड लावायचं नसेल तर उत्तम. कार्ड लावणारच असाल तर टाळा. ८५००जी तर कार्डाला डेटा वाहणाऱ्या फक्त चार लेन देतो.

दुसरा नियम, कॅश एकसंध आहे की तुकड्यांत, ते बघा. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०२० चं आहे. रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स, दोन्ही ४ कोअर, ८ थ्रेड, १६ एमबी एल३, पिढीही एकच. पण ३१०० मध्ये दोन-दोन कोअरचे दोन गट होते आणि प्रत्येक गटाकडे ८ एमबी. ३३००एक्स मध्ये चारही कोअर एका गटात, १६ एमबी सगळ्यांची. ३१०० मध्ये एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातला डेटा हवा असेल तर चिपच्या बाहेर पडून, इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या अंतर्गत जोडणीतून फिरून यावं लागे. ३३००एक्स गेममध्ये जेवढा पुढे गेला तेवढं श्रेय त्याच्या ०.४ गिगाहर्ट्झ जास्त क्लॉकला एकट्याला देता येत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी रायझनच्या झेन ३ पिढीत एएमडीने आठही कोअर ३२ एमबीच्या एकाच कॅशभोवती आणले आणि गेमिंगचं चित्र पालटलं.

आजही हा मुद्दा जिवंत आहे. १२ आणि १६ कोअरचे रायझन दोन चिपलेटचे (कोअर असलेल्या दोन वेगळ्या छोट्या चिपचे) असतात. एका चिपलेटमधल्या दोन कोअरना एकमेकांशी बोलायला साधारण २० नॅनोसेकंद लागतात. चिपलेट ओलांडायची तर ७०-८०. ७९५०एक्स३डी मध्ये जादा कॅश एकाच चिपलेटवर आहे, त्यामुळे गेम योग्य बाजूला चालावा म्हणून चिपसेट ड्रायव्हर, अद्ययावत एक्सबॉक्स गेम बार आणि विंडोजचा बॅलन्स्ड पॉवर प्लॅन, तिन्ही जागेवर लागतात. केवळ गेमिंगसाठी पीसी असेल तर ८ कोअरचा, एका चिपलेटचा एक्स३डी घ्या आणि या कटकटीतून मोकळे व्हा.

एक्स३डी म्हणजे ३२ एमबी एल३ वर आणखी ६४ एमबीची चिप थेट जोडलेली, एकूण ९६. २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये आणि २०२३ च्या ७८००एक्स३डी मध्ये ही चिप वर होती. त्यामुळे कोअरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचायला अडथळा होई आणि क्लॉक, व्होल्टेज दोन्ही आवरतं घ्यावं लागे. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये कॅश कोअरच्या खाली गेली, कोअर कूलरच्या बाजूला आले, आणि क्लॉक ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. मुंबईत मे महिन्यात खोलीचं तापमानच ३२-३३ अंश असतं, तरीही ७८००एक्स३डी साठी चांगला एअर कूलर पुरतो, कारण गेममध्ये तो वीज कमी खातो. त्याची तापमानाची मर्यादा ८९ अंश आहे. ८० च्या घरातला आकडा बघून घाबरू नका.

इंटेलकडे १२व्या ते १४व्या पिढीत मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) कोअरबरोबर एकाच चिपवर आहे, त्यामुळे रॅमची फेरी लवकर होते. २०२४ च्या शेवटी आलेल्या कोअर अल्ट्रा २००एस मालिकेत कोअर एका टाइलवर (चिपच्या वेगळ्या तुकड्यावर) आणि मेमरी कंट्रोलर दुसऱ्या टाइलवर गेला. फेरी लांबली, आणि कोअर स्वतः सुधारलेले असूनही २८५के बऱ्याच गेममध्ये जुन्या १४९००के च्या मागे राहिला. २०२५ मध्ये इंटेलने ‘२००एस बूस्ट’ नावाची सोय दिली, ती झेड८९० बोर्डावर के मालिकेसाठी अंतर्गत जोडणीचा आणि रॅमचा वेग वॉरंटी राखून वाढवते. असा पीसी असेल तर ती जरूर चालू करा. १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर वापरलेला घेत असाल तर मात्र जपून. जास्त व्होल्टेजमुळे त्यांची कायमची झीज होत होती. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेने) पुढची झीज थांबवली, पण झालेली भरून येत नाही.

पायरी ४: रॅमचं लेबल वाचा

सूत्र एकच: सीएलचा (रॅम उत्तर द्यायला घेते त्या चक्रांचा) आकडा गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग. उत्तर नॅनोसेकंदांत. डीडीआर५-६००० सीएल३० चे होतात १०. सीएल३६ चे १२. दुकानात स्वस्त म्हणून पुढे केली जाणारी, हीटसिंक नसलेली ५६०० सीएल४६ ची पट्टी १६.४ वर जाते. गंमत बघा, डीडीआर३-१६०० सीएल८ आणि डीडीआर४-३२०० सीएल१६ यांचेही १० च होतात. पिढ्यांमागून पिढ्या वाढली ती एका वेळी वाहून नेण्याची क्षमता. पहिला डेटा मिळायला लागणारा वेळ जवळपास तिथेच आहे. कारण डीरॅममध्ये आधी ओळ उघडायची, मग स्तंभ वाचायचा, मग ओळ मिटायची, हे सूक्ष्म कपॅसिटर भरण्या-रिकामं करण्याचं काम आहे आणि ते घाईने होत नाही. एवढ्यासाठीच चिपच्या आत कॅश वाढवण्याचा खटाटोप चालतो.

एएम५ वर (एएमडीच्या सध्याच्या सॉकेटवर) काय घ्यावं? १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच किट, ६००० वेगाचा, एक्स्पो (छापलेला वेग लावणारी तयार सेटिंग) लिहिलेला. साधा रायझन (७५००एफ, ७६००, ९६००एक्स) असेल तर सीएल३० साठी थोडे जास्त पैसे द्या, फरक दिसतो. एक्स३डी असेल तर सीएल३६ बिनधास्त घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की हा सल्ला आता खिशाला चांगलाच जाणवतो. ६४०० च्या पुढची रॅम रायझनसाठी घेऊ नका: तिथे बहुतेक वेळा मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगावर उतरतो आणि लेटन्सीत कमावलेलं सगळं जातं.

डीडीआर५ च्या ८ जीबीच्या पट्ट्या टाळा. त्यांच्यात आतले बँक गट निम्मे असतात, म्हणून त्या मुळातच मंद. एकच १६ ची पट्टी ‘पुढे वाढवू’ म्हणून घेणंही नको, डेटा वाहून नेण्याची क्षमता निम्मी होते आणि नंतर जोडलेली पट्टी जुळेलच याची खात्री नसते. चार पट्ट्या तर नकोच नको: रायझन ७००० आणि ९००० मध्ये चार पट्ट्यांसाठी अधिकृत वेग फक्त ३६०० आहे.

इंटेल १२४००एफ सारख्या कुलूपबंद (क्लॉक वाढवू न देणाऱ्या) प्रोसेसरला डीडीआर४-३२०० सीएल१६ शोभते. एच६१० बोर्ड रॅमचा वेग अधिकृत मर्यादेपलीकडे नेऊ देत नाही, तेव्हा त्याहून वेगवान रॅम लावायची असेल तर निदान बी६६० किंवा बी७६० घ्या.

बिल पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर अनुक्रमांक लिहिलेला. भारतातली वॉरंटी आहे की बाहेरून आणलेला माल, हे पैसे देण्याआधी विचारा.

पायरी ५: बसवणं आणि पहिला स्टार्ट

प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या लावा. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत लावल्या तरी पीसी सुरू होईल, पण ६००० वर टिकण्याची शक्यता कमी, कारण तारांची मोकळी राहिलेली टोकं सिग्नल परत फेकतात. पट्टीची दोन्ही टोकं टक असा आवाज येईपर्यंत दाबा. पावसाळ्यात दुकानातून आणलेले भाग खोक्यातच तासभर खोलीत राहू द्या, मग उघडा.

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की स्क्रीन काळी राहते आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटून राहतो. हा बिघाड नाही. बोर्ड प्रत्येक तारेची वेळ मोजून जुळवतो आहे, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही मिनिटं लागतात; पंधरा मिनिटं हात लावू नका. नवखे लोक दोन मिनिटांत बटण दाबून बंद करतात, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मग चांगला बोर्ड ‘डेड’ म्हणून दुकानात परत जातो.

पायरी ६: बायोस

आधी बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. यूपीएस असेल तर त्यावर. मधेच वीज गेली तर बोर्ड अडकतो. ७८००एक्स३डी साठी हे सक्तीचं समजा, कारण २०२३ मध्ये जास्त एसओसी व्होल्टेजमुळे (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या) काही प्रोसेसर जळाले आणि नव्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टच्या वर जाऊ दिलं जात नाही.

मग एक्स्पो चालू करा, इंटेलवर एक्सएमपी. हे केलं नाही तर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते, आणि कित्येक पीसी वर्षानुवर्षं तसेच चालतात. सेव्ह करा, पुन्हा ट्रेनिंग होऊ द्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ६००० दिसायला हवं. सीपीयू-झेड मध्ये ३००० दिसेल. तेही बरोबरच, तिथे प्रत्यक्ष क्लॉक दाखवतात आणि डीडीआर एका चक्रात दोनदा डेटा पाठवते. त्याच पानावर अनकोअरचा (मेमरी कंट्रोलरच्या वेगाचा) आकडाही ३००० च्या आसपास हवा. तो १५०० दिसला तर बायोसमध्ये जाऊन यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा क्लॉक) आणि एमसीएलके (रॅमचा क्लॉक) समान करा.

पीसी सुरूच झाला नाही तर वीज काढा, बोर्डावरच्या सीएमओएस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) पुसण्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा किंवा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ स्थितीवर येतं.

पायरी ७: चाचणी, आणि ती दुपारी

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चारही फेरे पूर्ण होऊ द्या, रात्रभर चालला तरी चालेल. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५. एक चूक म्हणजे नापास. ‘एकच तर आहे’ असं इथे चालत नाही. रॅम अस्थिर असेल तर गेम मधेच बंद पडतो, निळी स्क्रीन येते, उतरवलेल्या फाइल खराब निघतात, आणि दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो.

तापलेल्या रॅमला चुका लवकर होतात. रात्री एसीत पास झालेला पीसी मे महिन्यातल्या दुपारी, पंख्यावर, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा पट्ट्यांवर येत असताना पडू शकतो. म्हणून एकदा एसी बंद ठेवून, गेम तासभर चालवून लगेच टेस्टमेम५ लावा आणि एचडब्ल्यूइन्फो६४ (HWiNFO64) मध्ये पट्ट्यांचं तापमान बघा. ६० च्या वर जात असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पंखा वाढवा. तरीही चुका येत असतील तर टायमिंग (सीएलसारखे आकडे) तेच ठेवून वेग ५६०० करा. सीएल३० वर १० चे १०.७ नॅनोसेकंद होतात, गेममध्ये कळणारही नाही.

फरक मोजायचा तर फ्रेम मोजणारं कॅपफ्रेमएक्स घ्या, एकाच जागी तीन वेळा नोंद करा, आणि सरासरीपेक्षा एक टक्का लो (सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा. कॅश आणि लेटन्सीचा फायदा तिथे जास्त दिसतो. १४४ हर्ट्झला एका फ्रेमसाठी ६.९ मिलिसेकंद मिळतात. एखादी फ्रेम १५ ला गेली की डोळ्याला झटका जाणवतो, सरासरी कितीही देखणी असो.

एएम४ चा (एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा) जुना पीसी असेल तर

सगळं विकून एएम५ वर जाण्याआधी ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी शोधा. दोन्हीत ९६ एमबी आहे, तुमची डीडीआर४ तशीच चालते, आणि आजच्या भावात रॅम वाचणं हीच मोठी बचत. नवे आता सहज मिळत नाहीत, वापरलेला घ्यावा लागेल. दुकानातच बोर्डावर लावून, चालवून दाखवायला सांगा आणि खालच्या पिना उजेडात धरून बघा. बोर्डाच्या संकेतस्थळावर आधार दिलेल्या प्रोसेसरची यादी असते, तिथे जी बायोस आवृत्ती लिहिली आहे ती जुना प्रोसेसर असतानाच टाका. मग जुना कूलर काढताना घाई नको: पीसी दहा मिनिटं गेमवर चालवून बंद करा म्हणजे पेस्ट मऊ होते, आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. थंड असताना ओढलात तर कूलरला चिकटलेला प्रोसेसर कुलूप लागलेल्या सॉकेटमधून तसाच उपटून येतो आणि पिना वाकतात.